संगणकावरील जुनी छटा आणि कपाळावरचे कुंकू

डिजिटल कॅमेऱ्याने काढलेल्या नितळ छायाचित्रावर संगणकाद्वारे जुन्या फिल्मची कळा चढविण्याची हौस आता विवाहाच्या आल्बमपुरती राहिलेली नाही. ती स्मरणिकांत आणि कुलवृत्तांतांतही शिरली आहे. ‘फोटोशॉप’ १९९० साली बाजारात आल्यापासून अशा कृती सोप्या होत गेल्या; पुढे फिल्मचे नाव निवडताच तिची छटा उमटविणारे स्वतंत्र प्रोग्रॅमही निघाले. या हौसेला आमचा विरोध नाही. तथापि ज्या ‘जुन्या छटे’चे अनुकरण होते ती एक वस्तू नव्हे, निरनिराळ्या काळांतील रसायनांचे ते गुणदोष होत. त्यांची सरमिसळ झाली की छायाचित्राची साक्ष बिघडते.

इंदूर व हैदराबाद येथील वाचकांस लाला दीनदयाळ हे नाव परके नाही. १८६६ साली ते इंदूरच्या बांधकाम खात्यात नोकरीस लागले, १८७४ च्या सुमारास छायाचित्रणाकडे वळले आणि १८८५ साली निजामाचे दरबारी छायाचित्रकार झाले. त्यांच्या अडीच हजारांहून अधिक काचपट्ट्या आज दिल्लीस इंदिरा गांधी राष्ट्रीय कला केंद्रात आहेत. त्या काळच्या सर्वसाधारण काचपट्टीला केवळ निळा व जांभळा प्रकाश ‘दिसे’. म्हणून तत्कालीन वास्तुचित्रांत आकाश बहुधा कोरे पांढरे असते. जर्मन रसायनशास्त्रज्ञ हेर्मान फोगेल यांनी १८७३ साली पट्टीत रंगद्रव्य मिसळून तिला हिरव्या प्रकाशाची जाण आणून दिली. तांबडा मात्र तिला अंधारच राहिला. सर्व रंग जाणणाऱ्या पट्ट्या १९०६ साली इंग्लंडमध्ये विक्रीस आल्या, तरी लाल दिव्याच्या उजेडात धुण्याची सोय असल्याने स्टुडिओंतून जुन्या प्रकारची फिल्म पुढेही कित्येक वर्षे वापरात होती.

आपल्या पणजींच्या छायाचित्रांत कपाळावरील कुंकू काळेभोर दिसते, ते यामुळे. लाल शालू काळपट आणि निळा फिका दिसतो, तोही यामुळेच.

दाण्यांची गोष्ट वेगळी. मोठ्या काचपट्टीवरून तेवढ्याच आकाराची प्रत काढली जाई, तेव्हा चांदीचे कण डोळ्यांस जाणवत नसत. दाणे दिसू लागले ते पस्तीस मिलिमीटरच्या चिमुकल्या फिल्मवरून मोठ्या प्रती काढण्याची पद्धत रुळल्यावर, म्हणजे १९२५ साली लायका कॅमेरा आल्यानंतर. दरबारी थाटाच्या तपकिरी चित्रावर असे दाणे पेरणे म्हणजे पेशवाईच्या नाटकात टेलिफोन ठेवण्यासारखे आहे. रंगीत छटांत ‘कोडाक्रोम’चा मान मोठा. १९३५ साली निघालेल्या या फिल्ममध्ये मुळात रंगद्रव्य नसे, ते धुण्याच्या वेळी घातले जाई. तिचे उत्पादन २००९ साली थांबले. अमेरिकेतील पार्सन्स गावच्या शेवटच्या प्रयोगशाळेने ३० डिसेंबर २०१० नंतर रोल घेणे बंद केले. ती छटा आता नव्याने मिळते ती केवळ नकलेत.

आमची हयात सरकारी दप्तरात गेली. मूळ कागद व नक्कल वेगळी ठेवण्याची सवय अंगवळणी पडली आहे. म्हणून कुलवृत्तांताच्या संपादकांस आमचे एक सांगणे आहे. रंगीत चित्र कृष्णधवल करण्याच्या नेहमीच्या रीतीत लाल रंगास सुमारे तीस, हिरव्यास एकोणसाठ आणि निळ्यास अकरा टक्के वजन दिलेले असते; तेथे कुंकू करडे होते. परंतु गडद आकाशाच्या मोहाने लाल काचेचा परिणाम निवडला, तर तांबडा रंग उजळतो, त्वचाही उजळते आणि कुंकू कपाळात जवळजवळ विरघळून जाते. पन्नास वर्षांनी ते पान पाहणारा त्या सुवासिनीविषयी काय समजेल? वंशावळीत पतीच्या निधनाचा सन नसेल तर त्याला दुसरा आधार कोणता? १९८५ च्या चित्रास तपकिरी रंग देऊन ते १९०५ च्या शेजारी छापणे हाही तसाच प्रकार.

मूळ फाइल जशीच्या तशी ठेवावी, बदल प्रतीवर करावेत आणि चित्राखाली सन व केलेला बदल दोन्ही छापावेत. जुनी प्रत कृष्णधवल असली तरी स्कॅन रंगीतच करावे, म्हणजे कागदाचा पिवळेपणाही नोंदला जातो. जुन्या पट्टीसारखीच छटा हवी असेल, तर तीही साधता येते: कृष्णधवल करताना लाल रंगाचे प्रमाण शून्यावर आणावे आणि निळ्याचे वाढवावे. आकाश पांढरे पडते, आणि कुंकू पुन्हा काळेभोर होते.