फौजेत गेलेले कूळ

त्र्यंबकेश्वरी ब्रह्मगिरीच्या पायथ्याच्या भातखाचरांत आवणीचे दिवस मोजके असतात. त्या दिवसांत ज्याचे पाय चिखलात नाहीत त्याची वर्षाची बेगमी बुडते, आणि तो खंडाने कसणारे कूळ असेल तर जमीनही जाण्याचे भय उभे राहते, कारण कूळ कायद्याने संरक्षण दिले ते स्वतः कसणाराला, आणि पोटकूळ ठेवणे हा बेदखलीस पुरेसा अपराध ठरविला. अशा कुळाने फौजेत नाव नोंदविले तर त्याच्या शेताची वाट काय, या प्रश्नाच्या उत्तराचे मूळ पहिल्या महायुद्धात सापडते.

मराठी पलटणी मेसोपोटेमियात लढत असता हिंदुस्थान सरकारने 1918 मध्ये, आणि युद्धानंतर पुन्हा 1925 मध्ये, असा कायदा केला की मोहिमेवरील शिपायाचा दिवाणी वा मुलकी दावा त्याच्या पश्चात निकालात न काढता तहकूब ठेवावा, आणि त्याची बाजू मांडणारे कोणी नसल्यास कलेक्टरने कोर्टास तसे कळवावे. त्याच 1918 साली अमेरिकेने मासिक 50 डॉलरपर्यंत भाड्याच्या घरातून सैनिकाच्या कुटुंबास न्यायालयाच्या अनुज्ञेवाचून काढण्यास मनाई केली. हिंदुस्थानातील तहकुबीने मुदत मिळे, जमीन राखण्याचा हक्क मिळत नसे.

तो हक्क मुंबईच्या 1948 च्या कूळ कायद्यात आणि त्याच्या 1956 च्या दुरुस्तीत आला. शेतसाऱ्यास सूट वा तहकुबी मिळाली की खंडासही ती मिळावी, ही आपद्ग्रस्तांसाठीची तरतूद त्यात होतीच. परंतु सैनिक कुळास विधवा, अज्ञान आणि अपंग यांच्या पंक्तीस बसवून, त्याने जमीन पोटकुळास लावली तरी ती वैध मानावी, आणि 1 एप्रिल 1957 च्या कृषकदिनी इतर कुळे मालक झाली तरी सैनिकाचा खरेदीहक्क त्याने फौज सोडल्यापासून एक वर्षापर्यंत शाबूत राहावा, असे ठरविण्यात मला त्या कायद्याचे खरे औदार्य दिसते: नांगरावरची गैरहजेरी म्हणजे जमिनीचा त्याग नव्हे, हे तत्त्व त्याने मान्य केले.

चिनी आक्रमणानंतर, 1964 मध्ये, महाराष्ट्राने आणखी एक प्रकरण जोडून सैनिक जमीनमालकास आपली जमीन कुळाकडून सोडवून घेण्याची खास मुभा दिली. सैनिकाचे ऋण अवघ्या समाजाचे आहे. ते फेडण्यासाठी सरकारी पडीत जमीन द्यावयाची होती, कुळाचे खाचर नव्हे.