देवगिरीची राजधानी आणि खेळांचें स्थलांतर

छत्रपति संभाजीनगराहून वेरूळकडे जाणाऱ्या रस्त्यावर दौलताबादचा किल्ला लागतो. तो पाहावयास जाणारा प्रवासी खंदकावरील पूल ओलांडून ‘अंधेरी’ नांवाच्या भुयारांत शिरतो. अखंड खडक पोखरून केलेला हा मार्ग वळणें घेत वर चढतो. शत्रूला दिशा कळूं नये, त्याचा पाय चुकावा, आणि वरच्या तोंडाशीं निखारे पेटवून त्याला धुरानें गुदमरवितां यावें, अशी त्याची योजना आहे. १९९० नंतरच्या दशकांत ज्या मुलांनीं आपल्या सुट्या संगणकावरील खेळांत घालविल्या, तीं आज चाळिशीला आलेलीं मुलें या अंधेरींत शिरलीं म्हणजे त्यांना तें स्थळ ओळखीचें वाटल्याशिवाय राहत नाहीं. असलीं भुयारें त्यांनीं पडद्यावर शेंकडों तुडविलीं आहेत. मात्र देवगिरीचें भुयार आज सातआठ शतकांनंतरहि कोणालाहि चढून जातां येतें, आणि त्यांचीं तीं पडद्यावरचीं भुयारें पंचवीस वर्षांतच बंद पडलीं आहेत. असें कां व्हावें आणि तीं पुन्हां उघडण्याचा उद्योग कोणीं व कसा केला, हा इतिहास सांगण्याजोगा आहे.

ज्यांनीं हे खेळ पाहिले नाहींत त्यांच्यासाठीं त्यांचें मूळ थोडक्यांत सांगितलें पाहिजे. १९७४ सालीं अमेरिकेंत गॅरी गायगॅक्स व डेव्ह आर्नेसन यांनीं ‘डन्जन्स अँड ड्रॅगन्स’ हा खेळ प्रसिद्ध केला. चारसहा मंडळी टेबलाभोंवतीं बसतात, प्रत्येकजण एकेका पात्राची भूमिका घेतो, यशापयश फांसे ठरवितात, आणि एक सूत्रधार कथा पुढें नेतो. १९८१ मध्यें ‘अल्टिमा’ व ‘विझर्ड्री’ या खेळांनीं ही कल्पना घरगुती संगणकावर रुजविली. पुढें विंडोजच्या अमदानींत ‘फॉलआउट’ (१९९७), ‘बॉल्डर्स गेट’ (१९९८), ‘प्लेनस्केप: टॉर्मेंट’ (१९९९), ‘मॉरोविंड’ (२००२) असे एकाहून एक मोठे खेळ निघाले. ‘बॉल्डर्स गेट’ तर पांच सीडींवर मिळत असे. ‘टॉर्मेंट’चा नायक आपली स्मृति हरवून बसलेला आहे, आणि त्या खेळांतला वाचावयाचा मजकूर एखाद्या जाड कादंबरीस मागें टाकील इतका आहे. हीं कांहीं पोरखेळाचीं साधनें नव्हेत. कथा, चित्र, संगीत आणि खेळाडूची स्वतःची निवड यांनीं मिळून घडलेली ती एक नवी वाङ्मयजाति आहे.

परंतु पुस्तक आणि हा खेळ यांत एक मोठा भेद आहे. पुस्तकाला वाचक व उजेड एवढें पुरतें. खेळाला त्याच्या पायाखालची जमीन, म्हणजे संगणकाची ऑपरेटिंग सिस्टिम, जशीच्या तशी लागते. आणि ही जमीन दर कांहीं वर्षांनीं बदलते. त्या काळचे कित्येक खेळ स्वतः ३२ बिटांचे असले तरी त्यांचे इन्स्टॉलर १६ बिटांचे होते, आणि ६४ बिटांच्या विंडोजवर असले इन्स्टॉलर मुळींच चालत नाहींत. नक्कल होऊं नये म्हणून पुष्कळ सीडींना सेफडिस्क नांवाचें कुलूप घातलेलें असे. २०१५ सालीं विंडोज १० निघालें तेव्हां या कुलपाचा आधार सुरक्षेच्या कारणावरून काढून टाकण्यांत आला. परिणाम असा झाला कीं ज्यानें रोख पैसे मोजून मूळ सीडी घेतली, त्यालाच तिच्या आंत जातां येईना. २०२३ सालीं अमेरिकेंतील व्हिडिओ गेम हिस्टरी फाउंडेशननें पाहणी केली, तींत त्या देशांत २०१० पूर्वीं निघालेल्या खेळांपैकीं ८७ टक्के आज बाजारांत मिळत नाहींत असें आढळलें.

जमीन बदलणें ही गोष्ट दौलताबादला नवी नाहीं. यादवांच्या देवगिरीचें दौलताबाद हें नामकरण महंमद तुघलकानें केलें आणि १३२७ च्या सुमारास दिल्लीची राजधानी येथें आणली. साम्राज्य दक्षिणेंत पसरलें होतें, तेव्हां मध्यवर्ती स्थळीं राजधानी असावी हा विचार कांहीं वेडगळ नव्हता. वाटेवर मुक्कामाच्या सोयीहि त्यानें केल्या होत्या. सारी दिल्ली ओस पडली अशी जी कथा इब्न बतूता सांगतो ती अतिशयोक्त आहे, आणि हालविले गेले ते मुख्यतः सरदार, अधिकारी, विद्वान् व सूफी संत, असें आतां बहुतेक इतिहासकार मानतात. तथापि ज्यांच्यावर प्रसंग गुदरला त्यांचें दुःख खोटें नव्हतें. पुढें दौलताबादेंतच बहामनी सुलतानासाठीं इतिहासकाव्य लिहिणारा इसामी आपल्या नव्वद वर्षांच्या आजोबांची हकीकत देतो. त्या वृद्धाला घरांतून काढून या प्रवासास लाविलें, आणि दिल्लीजवळच तिलपत येथें त्याचा अंत झाला. कांहीं वर्षांनीं सुलतानानें परत जाण्याची परवानगी दिली, आणि राजधानी पुन्हां दिल्लीची दिल्लींत राहिली.

या प्रसंगाचा अर्थ आम्हीं असा घेतों. माणूस उचलून नेतां येतो, पण त्याच्या पाण्याचा आड, त्याचा वाणी, त्याची ओळखीची वाट हीं बरोबर नेतां येत नाहींत. शहर म्हणजे अशा हजार लहान सोयींची गुंफण. संगणकावरचा जुना खेळहि असाच एक नागरिक आहे. तो क्षणोक्षणीं आपल्या ऑपरेटिंग सिस्टिमजवळ कांहीं ना कांहीं मागत असतो: ही फाइल उघड, एवढी स्मृति दे, हें चित्र पडद्यावर टाक, हा ध्वनि वाजव. नव्या गांवीं या मागण्या कोणाला समजल्या नाहींत कीं तो तेथेंच कोसळतो.

लिनक्सवर या खेळांना घर मिळालें तें या मागण्यांचा नीट अभ्यास झाला म्हणून. लिनस टॉर्वल्ड्स या फिनलंडांतील विद्यार्थ्यानें १९९१ सालीं लिनक्सची घोषणा केली. त्यानंतर दोनच वर्षांनीं, १९९३ मध्यें, बॉब अ‍ॅमस्टॅट व एरिक यंगडेल यांनीं विंडोजचे प्रोग्राम लिनक्सवर चालवावे या हेतूनें ‘वाइन’ या प्रकल्पास आरंभ केला. १९९४ पासून अलेक्झांडर ज्युलियार हे त्याची धुरा वाहत आहेत. वाइनमध्यें विंडोज नसतें. विंडोजच्या प्रत्येक दरवाजाच्या नांवाचा दरवाजा तेथें नव्यानें बांधलेला असतो. खेळानें विंडोजच्या नांवानें हांक मारली कीं वाइन ती ऐकतें, लिनक्सच्या भाषेंत काम करवून घेतें आणि उत्तर विंडोजच्या थाटांत परत देतें. आपण परगांवीं आलों आहों हें त्या रहिवाशाला कळतहि नाहीं. हे हजारों दरवाजे मायक्रोसॉफ्टची मूळ संहिता न पाहतां, केवळ बाहेरील वर्तन पारखून, बांधावे लागले. म्हणूनच वाइनची १.० ही आवृत्ति निघावयास २००८ साल उजाडलें. पंधरा वर्षांचें हें काम बहुतांशीं स्वयंसेवकांच्या हातून झालें.

प्रत्यक्ष कृति मात्र फार अवघड नाहीं. वाइन आपल्या घरच्या फोल्डरांत ‘ड्राइव्ह सी’ नांवाचा एक कप्पा करून देतें. खेळाला तोच विंडोजचा सी ड्राइव्ह वाटतो. प्रत्येक खेळाला असा स्वतंत्र कप्पा, म्हणजे प्रीफिक्स, द्यावा, हा अनुभवी लोकांचा पहिला सल्ला. एकासाठीं केलेली जुळवाजुळव त्यामुळें दुसऱ्यास बाधत नाहीं. मग आपण विंडोज ९८ आहों कीं एक्सपी, हें वाइनला सांगावयाचें, सीडी डी ड्राइव्हच्या जागीं जोडावयाची, आणि इन्स्टॉलर चालवावयाचा. १६ बिटांच्या ज्या इन्स्टॉलरांना आजचें विंडोज दारांत उभें करीत नाहीं, त्यांपैकीं कित्येक येथें सुखानें चालतात! खेळ पडद्याचा आकार बिघडवूं लागला तर त्याला वाइनच्या आभासी डेस्कटॉपच्या चौकटींत बसवावें.

एवढें होऊनहि खेळ उघडतांक्षणीं बंद पडतो, असें पुष्कळदां घडतें. येथें आम्हांला देवगिरीचीच एक जुनी गोष्ट आठवते. अल्लाउद्दीनानें वेढा घातला तेव्हां रामदेवरायानें धान्याचीं म्हणून जीं पोतीं गडावर चढविलीं, तीं उघडल्यावर मिठाचीं निघालीं, असें सांगतात. तट शाबूत, खंदक शाबूत, आणि कोठार रिकामें! बंद पडणाऱ्या खेळाचेंहि बहुधा हेंच दुखणें असतें. त्याला हवी असलेली एखादी डीएलएल फाइल कप्प्यांत नसते, किंवा त्या नांवाची असून कामाची नसते. टर्मिनलमधून खेळ चालविला म्हणजे वाइन कोणती फाइल सांपडली नाहीं तें ओळीओळीनें सांगतें. तो मजकूर घाबरून न जातां वाचावा, आणि विनट्रिक्स या साधनानें ती उणीव भरून काढावी. वेढा पडण्यापूर्वीं पोतें उघडून पाहण्याचाच हा प्रकार आहे.

जुने खेळ जतन करण्याच्या याखेरीज आणखी तीन वाटा आहेत. पहिली, खेळाचा जीर्णोद्धार करून नवी आवृत्ति काढणें. ‘बॉल्डर्स गेट’ची अशी आवृत्ति २०१२ मध्यें निघाली. दुसरी, व्हर्च्युअल मशीन करून त्यांत सबंध जुनें विंडोजच बसविणें, म्हणजे रहिवाशाबरोबर त्याचें शहरहि उचलून आणणें. तिसरी वाट धाडसाची आहे. खेळांतील चित्रें, संवाद व नकाशे मूळ सीडींतलेच ठेवावयाचे आणि त्यांना चालविणारें यंत्र तेवढें नवें लिहावयाचें. ‘बॉल्डर्स गेट’ व ‘टॉर्मेंट’साठीं जेमआरबी आणि ‘मॉरोविंड’साठीं ओपनएमडब्ल्यू हे प्रकल्प असेच निर्माण झाले. जीर्णोद्धारांत मूळचा रंग थोडाफार पालटतो. सबंध शहर आणणें जड जातें. नवें यंत्र लिहिणें वर्षानुवर्षांचें काम आहे. वाइनचा मार्ग या सर्वांच्या मधला आहे, आणि सामान्य गृहस्थाला तोच अधिक झेपणारा आहे.

दुसऱ्याच्या दरवाजांच्या नांवानें आपले दरवाजे बांधणें न्याय्य आहे काय, असा आक्षेप कोणी घेईल. तो अगदींच टाकाऊ नाहीं. २०२१ सालीं गूगल व ओरॅकल यांच्या वादांत अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयानें त्या प्रकरणांतील तशी उचल योग्य वापरांत मोडते असा निर्णय दिला. परंतु त्या आधीं तो वाद दहा वर्षांहून अधिक काळ चालला होता. खुद्द वाइनलाहि आपल्या श्रमाचें रक्षण करावें लागलें. कांहीं कंपन्या त्याची संहिता घेऊन स्वतःच्या सुधारणा गुप्त ठेवूं लागल्या, म्हणून २००२ सालीं त्याचा परवाना बदलण्यांत आला. तेव्हांपासून वाइनमध्यें फेरफार करून तें वांटणाऱ्यानें ते फेरफार खुले करावे लागतात. हा निर्णय किती दूरदृष्टीचा होता तें २०१८ सालीं दिसलें. व्हॉल्व्ह कंपनीनें त्या वर्षीं वाइनच्याच पायावर ‘प्रोटॉन’ उभारलें, आणि त्यांतील सुधारणा सर्वांना मोकळ्या झाल्या. आज स्टीमवर घेतलेले पुष्कळ जुने खेळ लिनक्सवर केवळ एक बटण दाबून चालतात.

म्हणून कांहीं चिंता उरली नाहीं असें मात्र नव्हे. २०१९ च्या जूनमध्यें उबुंटू लिनक्सच्या चालकांनीं ३२ बिटांचा आधार पुढील आवृत्तींतून काढण्याचें जाहीर केलें. जुने खेळ बहुतेक ३२ बिटांचे. एका फर्मानानें ते सारे बेघर झाले असते. वापरणारांनीं व खेळांच्या व्यवसायांतील मंडळींनीं गिल्ला केला, तेव्हां थोड्याच दिवसांत तो बेत आवरावा लागला. तुघलकाला परतीची परवानगी द्यावयास कित्येक वर्षें लागलीं होतीं, आणि तोंपर्यंत इसामीचे आजोबा गेले होते. खुल्या व्यवस्थेचा खरा लाभ आम्हांला येथें दिसतो. चूक तेथेंहि होते, पण ती बोलून दाखविण्याचा अधिकार रहिवाशालाहि असतो.

वाचक विचारतील कीं खेळांच्या या खटाटोपाशीं मराठी गृहस्थाचा संबंध काय? संबंध आहे, आणि तो निकटचा आहे. १९९० नंतरच्या दशकांत आपल्याकडील कितीतरी पुस्तकें, मासिकें आणि लग्नपत्रिकासुद्धां श्रीलिपि, आकृति, आयएसएम यांसारख्या प्रणालींत, विंडोजवर अक्षरजुळणी होऊन निघालीं. युनिकोड सर्वत्र रूढ होण्यापूर्वींच्या त्या फाइली आज उघडाव्या तर मराठीच्या जागीं निरर्थक चिन्हांची रांग दिसते. अक्षरें शाबूत आहेत, पण तीं ओळखणारी जमीन पायाखालून गेली आहे. एखाद्या घरीं आजोबांचें आत्मवृत्त अशा फाइलींत पडून असेल. जुना खेळ चालता ठेवण्यासाठीं ज्या युक्त्या लागतात, त्यांतल्याच कांहीं तें आत्मवृत्त वाचण्यासाठीं लागतील. खेळाच्या हौसेनें तरुणांनीं ही विद्या हस्तगत केली, तर घरच्या वडील मंडळींनीं तिला नांवें ठेवूं नयेत, उलट आपली जुनी पेटी त्यांच्यापुढें उघडावी.

दौलताबादेस आलेल्या त्या लोकांचें पुढें काय झालें, हेंहि येथें सांगितलें पाहिजे. सगळेच परत गेले नाहींत. बुऱ्हानुद्दीन गरीब यांच्यासारखे सूफी येथेंच राहिले व जवळच खुलताबादेस चिरविश्रांति पावले. उत्तरेकडून आलेली बोली येथल्या मातींत मिसळून दखनी झाली. राजाज्ञेनें जें साधलें नाहीं तें हळूहळू, शेजाऱ्याशीं बोलतां बोलतां साधलें. जुन्या कृतींना नव्या जमिनीवर नांदवावयाचें तर तें असेंच साधेल: एकेक मागणी ऐकून घेऊन, एकेक दरवाजा बांधून.