जीर्णोद्धार कोणत्या दिवसापर्यंत? डंकर्कच्या लहान बोटींच्या निमित्ताने

'जीर्णोद्धार' हा शब्द आपल्या मनात प्रथम देवळाशी जोडला जातो. देऊळ एका जागी उभे असते, आणि पडझड झाली तरी त्याच्याकडून कोणी प्रवासाची अपेक्षा करीत नाही. बोटीचे तसे नाही. ती पाण्यावर चालली तरच बोट राहते, आणि चालती ठेवायची तर तिच्यात सतत बदल करावे लागतात. म्हणूनच जुन्या बोटींच्या जीर्णोद्धाराचा इतिहास हा 'मूळ' या संकल्पनेचाच कस पाहणारा इतिहास आहे. या दृष्टीने इंग्लंडमधील दोन महायुद्धांदरम्यानच्या लहान केबिन-क्रूझर, आणि त्यांतही १९४० मध्ये डंकर्कला जाऊन आलेल्या बोटी, हे एक बोलके उदाहरण आहे असे आम्हांस वाटते.

या बोटींचा मूळ पिंड अगदी घरगुती होता. विसाव्या-तिसाव्या दशकांत टेम्स नदीकाठच्या कारखान्यांनी सुखवस्तू मध्यमवर्गासाठी त्या बांधल्या. दोन-चार माणसांना झोपण्यापुरती केबिन, चहा करण्यापुरती शेगडी, सुकाणूपाशी उभे राहण्याची जागा, असा तो संसार होता. चर्ट्सी येथील बेट्स यांच्या कारखान्यातील 'स्टार क्राफ्ट' बोटी याच जातकुळीच्या होत्या. सांगाडा बहुधा ओकचा, त्यावर लाकडी फळ्या, जोडायला तांब्याचे खिळे. इंजिन पुष्कळदा मोटारगाडीच्या इंजिनावरून बेतलेले असे. शनिवार-रविवारची सहल यापलीकडे त्यांची काही महत्त्वाकांक्षा नव्हती.

१४ मे १९४० रोजी बीबीसीवरून ब्रिटिश नौदल खात्याचा एक आदेश प्रसारित झाला. स्वतःच्या इंजिनावर चालणाऱ्या ३० ते १०० फूट लांबीच्या खाजगी सहलीच्या बोटींच्या मालकांनी चौदा दिवसांच्या आत बोटीची माहिती कळवावी, असे त्यात म्हटले होते. पुढे महिन्याअखेरीस फ्रान्सच्या किनाऱ्यावर ब्रिटिश व फ्रेंच सैन्य कोंडीत सापडले, तेव्हा टेडिंग्टन येथील टफ यांच्या कारखान्यात टेम्सवरील शंभराहून अधिक बोटी गोळा करण्यात आल्या. सहलीचे सामानसुमान उतरवून, इंधन भरून त्या समुद्राकडे रवाना झाल्या. आपल्या विषयाच्या दृष्टीने या घटनेला वेगळे महत्त्व आहे. या बोटींच्या आयुष्यातील सर्वांत मोठे परिवर्तन त्या काही तासांत झाले, आणि ते परिवर्तन काही जोडून नव्हे, तर काढून टाकून झाले.

२६ मे ते ४ जून १९४० या काळात ३,३८,२२६ सैनिकांची सुटका झाली. ती लहान बोटींनी केली, ही लोकप्रिय समजूत मात्र पुरती खरी नाही. दोन-तृतीयांशांहून अधिक सैनिक डंकर्क बंदराच्या धक्क्यावरून थेट मोठ्या जहाजांत चढले. लहान बोटींचे मुख्य काम उथळ किनाऱ्यावरून सैनिकांना खोल पाण्यातील जहाजांपर्यंत नेण्याचे होते. शिवाय त्यांतील अनेक बोटी मालकांनी नव्हे, तर नौदलाच्या माणसांनी चालवल्या. एवढे सांगितल्याने त्यांचे मोल कमी होत नाही. परंतु पुढे जीर्णोद्धार नेमका कशाचा होतो आहे, बोटीचा की आख्यायिकेचा, हा प्रश्न विचारण्यासाठी ही नोंद आवश्यक ठरते.

'सनडाउनर' या बोटीची कथा या संदर्भात पाहण्याजोगी आहे. सुमारे ५८ फुटांची, म्हणजे या लहानांत थोरलीच म्हणावी अशी ही बोट, १९१२ मध्ये नौदलासाठी वाफेवर चालणारी बोट म्हणून बांधली गेली. 'टायटॅनिक'वरून बचावलेले अधिकारी चार्ल्स लाइटोलर यांनी १९२९ मध्ये ती विकत घेतली आणि तिचे रूप पालटून तिला कुटुंबाच्या सहलीची मोटरबोट बनवले. १ जून १९४० रोजी सहासष्ट वर्षांचे लाइटोलर, त्यांचा मुलगा आणि एक तरुण स्काउट असे तिघे तिच्यातून डंकर्कला गेले. निघण्यापूर्वी त्यांनी डोलकाठ्यांसकट जे जे हलवता येईल ते सारे उतरवले होते. ज्या बोटीत पूर्वी कधी एकवीसाहून अधिक माणसे चढली नव्हती, तिने सुमारे १३० सैनिक परत आणले. पुढे ती रॅम्सगेट येथे जतन करण्यात आली.

आता प्रश्न असा, की 'सनडाउनर' मूळ रूपात आणायची म्हणजे नेमके काय करायचे? १९१२ ची वाफेची बोट मूळ मानावी, तर लाइटोलर यांचे घडवणे पुसले जाते. १९३० ची सहलीची बोट मूळ मानावी, तर ज्या घटनेमुळे आपण तिच्यापाशी थांबतो तीच घटना हरवते. आणि १ जून १९४० हाच दिवस गोठवावा, तर हाती येते ती डोलकाठ्या उतरवलेली, सामान काढून घेतलेली रिकामी बोट. प्लुटार्कने सांगितलेले थीसियसच्या जहाजाचे कोडे आपण सारे जाणतो: सर्व फळ्या बदलल्यावर जहाज तेच राहते काय? पण येथील पेच त्याहून निराळा आहे. फळ्या तशाच ठेवल्या तरी बोट 'ती' म्हणजे कोणत्या दिवसाची, हे ठरवावेच लागते.

१९६५ मध्ये, पंचवीस वर्षे पूर्ण झाल्यानिमित्त, उरलेल्या बोटींचा एक ताफा पुन्हा डंकर्कला गेला. प्रसिद्ध निवेदक रेमंड बॅक्स्टर यांचा त्यात पुढाकार होता, आणि त्यातूनच 'असोसिएशन ऑफ डंकर्क लिटल शिप्स' ही संस्था उभी राहिली. तोवर फायबरग्लासच्या बोटींचा जमाना सुरू झाला होता आणि जुन्या लाकडी बोटी कोठेतरी काठावर कुजत पडू लागल्या होत्या. संस्थेने त्यांचा इतिहास तपासून नोंदवला, त्यांच्यावर 'डंकर्क १९४०' ही धातूची पाटी आली, आणि दर पाच वर्षांनी तिकडे जाण्याचा प्रघात पडला. त्या पाटीमुळे कित्येक बोटी जगल्या. पण त्याच पाटीने त्यांच्या दीर्घ आयुष्यातील एका आठवड्याला बाकी सर्व वर्षांच्या वर बसवले, हेही मान्य केले पाहिजे.

प्रत्यक्ष कारागिराच्या हाती हा वाद फार लवकर व्यावहारिक होतो. लाकडी बोटीचा शत्रू खारे पाणी नसून पावसाचे गोडे पाणी आहे. ते केबिनच्या कोपऱ्यांतून व डेकच्या सांध्यांतून झिरपते आणि लाकूड आतून कुजवते. फळी बदलायची तर फासळीही तपासावी लागते, आणि फासळी उघडली की कण्यापर्यंत जावे लागते. बाहेरून फायबरग्लासचे आवरण चढवणे स्वस्त पडते, परंतु ओल आत कोंडली जाऊन पुष्कळदा लाकूड अधिकच वेगाने जाते. पेट्रोलची वाफ हवेहून जड असल्याने ती बोटीच्या तळाशी साठते व आगीचा धोका निर्माण करते, म्हणून जुने पेट्रोल इंजिन काढून डिझेलचे बसवण्याकडे कल असतो. मग वजन वाढते आणि बोटीचा पाण्यातील तोल बदलतो. केबिनचे छत चार इंच उंच करावे तर उभे राहता येते, पण बोट वाऱ्याला अधिक सापडते. यांतील एकही बदल केवळ हौसेचा नसतो. आणि काहीच बदलायचे नाही असे ठरवले, तर 'टॅमझिन'चा मार्ग उरतो. पंधरा फुटांहूनही आखूड असलेली ही उघडी मच्छीमार बोट डंकर्कला गेलेल्या बोटींपैकी सर्वांत लहान मानली जाते. ती इम्पिरियल वॉर म्युझियमच्या संग्रहात आहे. ती सुरक्षित आहे, पण पाण्यापासून कायमची दूर.

या कोंडीतून वाट काढण्याचा प्रयत्न संवर्धनशास्त्राने केला आहे. वास्तूंसाठी १९६४ च्या व्हेनिस सनदेने सांगितले की सर्व कालखंडांतील मोलाच्या भरीचा आदर करावा आणि नवा भाग जुन्याशी सुसंगत, तरीही ओळखू येईल असा असावा. युरोपात २००३ मध्ये स्वीकारलेल्या बार्सिलोना सनदेने हाच विचार चालत्या पारंपरिक जहाजांना लावला. बदल करू नका, असा याचा अर्थ नाही. बदल करा, पण तो लपवू नका, असा आहे.

पाठचिकित्सा शिकविणाऱ्यांना हे ओळखीचे वाटेल. एकनाथांनी १५८४ मध्ये ज्ञानेश्वरीची प्रत शुद्ध केली, आणि १९०९ मध्ये वि. का. राजवाडे यांनी एकनाथपूर्व म्हणून दुसरी प्रत छापली. ज्ञानेश्वरांच्या शब्दांजवळ जाण्याची ओढ दोहोंतही आहे. पण एकनाथांचे शोधन केवळ बाजूला सारण्याजोगा थर नव्हे. शतकानुशतके ज्ञानेश्वरी वाचली गेली ती त्याच रूपात. मूळ शोधताना मधल्या वाचकांचे आयुष्य खरवडून काढले, तर हाती राहील ती ग्रंथाची प्रत, परंपरा नव्हे. चांगली चिकित्सक आवृत्ती म्हणूनच तळटीपांत पाठभेद जपते. जुन्या बोटीच्या दुरुस्तीची वही ही तिची तळटीप होय.

शेवटी, जे जतनाच्या कक्षेतच येत नाही त्याचे काय? ब्रिटनच्या ऐतिहासिक जहाजांच्या राष्ट्रीय नोंदवहीसाठी किमान लांबी ३३ फूट आहे. १९४० च्या आदेशात ती ३० फूट होती. त्यांहून लहान बोटींना वेगळ्या नोंदींचा आधार शोधावा लागतो. माणसांचेही असेच होते. त्या वेळी फ्रान्समध्ये रॉयल इंडियन आर्मी सर्व्हिस कोअरच्या खेचरतुकड्या होत्या. त्यांतील काही जवान डंकर्कहून परतले, एक तुकडी जर्मनांच्या हाती सापडली, खेचरे तिकडेच राहिली. डंकर्कच्या रूढ कथेत या जवानांना फार काळ जागा नव्हती, आणि २०१७ च्या 'डंकर्क' चित्रपटानंतर ही उणीव चर्चेत आली. बोटीवरील वार्निश चकचकीत करणे त्या मानाने सोपे असते. तिच्यात कोण कोण बसले होते, कोणाला जागा मिळाली नाही, आणि त्यानंतर कोणी तिचे काय काय बदलले, हे सारे वाचता येईल अशा रीतीने ती पुन्हा पाण्यात सोडणे, हाच आमच्या मते खरा जीर्णोद्धार.