उंबऱ्यापुढील भूमिती

तंजावरच्या बृहदीश्वर मंदिराच्या भिंतीवर १८०३ साली कोरविलेला 'भोसले वंशचरित्र' हा प्रदीर्घ मराठी शिलालेख दोन शतके उलटून गेली तरी आजही वाचता येतो. ज्या मंदिरात तो आहे, ते राजराज चोळाने १०१० मध्ये पुरे केले; त्याच्या दानांची नोंदही दगडावरच आहे. त्याच नगरातील सरस्वतीमहाल ग्रंथालयात दुसऱ्या सरफोजीराजांनी आपल्या १७९८ ते १८३२ या कारकीर्दीत वाढविलेला हस्तलिखितांचा संग्रह ताडपत्रांवर आणि कागदावर जतन केलेला आहे. कोरावे, लिहावे आणि सांभाळावे, असा जणू या नगराचा स्वभावच होय. परंतु याच तंजावरात, किंबहुना कावेरीच्या साऱ्या मुखप्रदेशात, एक विद्या अशी आहे की जी पहाटे लिहिली जाते आणि दिवस मावळेपर्यंत पायांखाली पुसूनही जाते. ती विद्या म्हणजे दारापुढचा कोलम.

अंगण झाडावे, सडा टाकावा, ओलसर भूमीवर चिमटीतून तांदळाचे पीठ सोडीत ठिपके मांडावे आणि मग त्या ठिपक्यांच्या भोवती रेषा फिरवावी, एवढीच वरवर पाहता त्याची रीत. मार्गळी महिन्यात, म्हणजे डिसेंबरच्या मध्यापासून जानेवारीच्या मध्यापर्यंत, हे कोलम रस्त्याची अर्धी रुंदी व्यापण्याइतके मोठे होतात. महाराष्ट्रातील ठिपक्यांच्या रांगोळीशी त्यांचे नाते उघड आहे. तथापि दोहोंत एक मूलभूत भेदही आहे. आपल्याकडच्या रांगोळीत बहुधा रेषा ठिपक्यापासून ठिपक्यापर्यंत जाते, ठिपके रेषेत विरून जातात आणि मधल्या घरांत रंग भरला जातो. तामिळ देशात 'चिक्कु कोलम' अथवा 'कंबि कोलम' या नावाने जो प्रकार ओळखला जातो, त्यात रेषा ठिपक्याला कधीच शिवत नाही. ती त्याला वळसा घालते, शेजारच्या ठिपक्याकडे जाताना स्वतःलाच छेदते आणि अखेर जिथून निघाली तिथेच परत येते. एकही ठिपका वेढ्याबाहेर राहता कामा नये आणि रेषेचे एकही टोक मोकळे सुटता कामा नये, हे त्याचे दोन दंडक. सतराव्या शतकाच्या उत्तरार्धात व्यंकोजीराजांबरोबर आणि त्यांच्या मागून जी मराठी घराणी येथे येऊन स्थिरावली, त्यांच्या अंगणांना या वळशांचा शेजार तीनशे वर्षांहून अधिक काळ लाभलेला आहे.

हे सारे सजावटीचे काम, त्यात शास्त्र ते काय, असा समज फार दिवस रूढ होता. वस्तुतः येथे प्रश्न आहे तो आकृतींच्या संयोगाचा. दोन आकृती एकत्र आणल्या असता तिसरी कोणती निर्माण होते, आणि ती निर्माण होताना मूळच्या दोहोंचे काय होते, हा तो प्रश्न. भारतात तो फार जुना आहे. बौधायनाच्या शुल्बसूत्रांत यज्ञवेदीच्या निमित्ताने दोन चौरसांएवढा एक चौरस कसा करावा आणि मोठ्या चौरसातून लहान चौरस कसा वजा करावा, हे दोरीच्या साहाय्याने सांगितले आहे. मात्र तेथील बेरीज क्षेत्रफळाची आहे. मूळचे दोन चौरस नव्या चौरसात ओळखू येत नाहीत. पुढे ११५० मध्ये भास्कराचार्यांनी बीजगणितात कर्णावरचा चौरस चार काटकोन त्रिकोणांत आणि मध्यभागीच्या एका लहान चौरसात विभागून दाखविला. येथे मात्र भाग भागच राहतात आणि त्यांच्या मांडणीतून पूर्णाकृती सिद्ध होते. कोलम या दुसऱ्या वाटेने जातो, आणि त्याही पुढे एक पाऊल टाकतो.

ते पाऊल समजण्यासाठी अगदी साधे उदाहरण पुरेसे आहे. दोन ठिपके शेजारी शेजारी मांडून प्रत्येकाभोवती एक वर्तुळ काढले, तर दोन स्वतंत्र वेढे होतात. आता ती वर्तुळे जिथे एकमेकांच्या निकट येतात, तेथील दोन रेषा समोरासमोर न ठेवता एकमेकींवरून तिरक्या ओलांडून नेल्या की दोन वेढ्यांचा एकच वेढा होतो आणि इंग्रजी आठाच्या अंकासारखी आकृती उमटते. दोन्ही ठिपके आपापल्या घरात सुरक्षित राहतात. पुसले काहीच जात नाही, पण रेषा मात्र एक झालेली असते. असा ओलांडा दोन निरनिराळ्या वेढ्यांमध्ये घातला, तर त्यांचा एकच वेढा होणार हे निश्चित. तोच ओलांडा एकाच वेढ्याच्या दोन भागांमध्ये घातला, तर तो वेढा एकसंध राहील किंवा दुभंगून त्याचे दोन होतील. तिसरा पर्याय नाही. मोठ्या कोलमाचे सगळे यशापयश या एका नियमावर अवलंबून असते.

याच नियमातून एक सुंदर गणिती सत्य निष्पन्न होते. ठिपके आयताकार मांडून सर्व शेजाऱ्यांमध्ये ओलांडे घातले, तर एकूण किती स्वतंत्र वेढे होतील? ओळींची संख्या आणि प्रत्येक ओळीतील ठिपक्यांची संख्या यांचा जो महत्तम साधारण विभाजक, तितके. तीन ओळी आणि पाच ठिपके असतील तर रेषा एकच. चार ओळी आणि सहा ठिपके असतील तर दोन. चार ओळी आणि चार ठिपके असतील तर चार. आर्यभटाने ४९९ मध्ये कुट्टकाच्या प्रक्रियेत जो परस्पर भागाकार योजिला, त्यानेच हा विभाजक निघतो. म्हणजे ज्योतिषाच्या गणितात जो हिशेब लागतो, तोच अंगणातल्या पिठाच्या रेषेलाही लागू पडतो. एका अखंड रेषेचा कोलम हवा असेल, तर ठिपके कसे मांडावे याचे उत्तर त्यात आहे.

टाटा मूलभूत संशोधन संस्थेत काम केलेले पदार्थवैज्ञानिक एस. नारणन यांनी एकविसाव्या शतकाच्या पहिल्या दशकात या संयोगाचा एक पद्धतशीर मार्ग मांडला. हेमचंद्राने बाराव्या शतकात छंदःशास्त्राच्या संदर्भात सांगितलेली आणि युरोपात फिबोनाचीच्या नावाने प्रसिद्ध असलेली एक, दोन, तीन, पाच, आठ ही संख्यामाला त्यांनी आधाराला घेतली. पाच ओळी आणि पाच ठिपके असा चौरस घ्यावा. मध्यभागी एक ठिपका ठेवावा आणि त्याच्याभोवती दोन गुणिले तीन ठिपक्यांचे चार आयत भिंगरीच्या पात्यांप्रमाणे फिरवून बसवावे. एक अधिक चोवीस म्हणजे पंचवीस. ठिपक्यांचा हिशेब पुरा झाला. प्रत्येक आयत एका रेषेचा आहे, कारण दोन आणि तीन यांना एकाखेरीज साधारण विभाजक नाही. मधला ठिपकाही एका वेढ्यात आहे. आता त्या मधल्या ठिपक्याच्या चारही बाजूंना, प्रत्येक आयताशी एक असे, चार ओलांडे घातले की पाच वेढ्यांचा एकच वेढा होतो. आकृती चतकोर फिरविली तरी तशीच दिसते. भास्कराचार्यांच्या चौरसाची ही जवळची नातलग होय. तेथील चार त्रिकोणांच्या जागी येथे चार आयत आले आहेत, इतकाच फरक.

ही विद्या विद्यापीठाच्या दृष्टीस पडली ती मद्रासजवळच्या तांबरम येथे. मद्रास ख्रिश्चन कॉलेजातील संख्याशास्त्राचे प्राध्यापक गिफ्ट सिरोमनी, गणिती राणी सिरोमनी आणि कमला कृतिवासन यांनी १९७४ मध्ये कोलमच्या व्याकरणावरील आपला निबंध संगणकीय चित्रणाला वाहिलेल्या एका आंतरराष्ट्रीय नियतकालिकात प्रसिद्ध केला. नोम चॉम्स्की यांनी १९५६ च्या सुमारास भाषेतील वाक्यरचनेसाठी जे सूत्रबद्ध व्याकरण मांडले, ते एकामागून एक येणाऱ्या चिन्हांचे होते. या त्रयीने तो विचार ओळीतून पटावर आणला. थोड्या मूळ आकृती आणि त्या विस्तारण्याचे थोडे नियम दिले असता कोलमांचे एक संपूर्ण कुल कसे निर्माण होते, हे त्यांनी दाखविले. 'कोलम व्याकरण' हा शब्द त्या शास्त्रात तेव्हापासून रुळला.

परंतु गिफ्ट सिरोमनी यांच्या पुढच्या अभ्यासातून जे आढळले, ते याहूनही महत्त्वाचे होते. कोलम काढणाऱ्या स्त्रिया आकृती चित्रासारखी लक्षात ठेवीत नाहीत. पुढे जा, उजवीकडे वळ, उजवीकडून वळसा घेऊन परत फीर, अशा हालचालींच्या क्रमाने ती त्यांच्या स्मरणात असते. संगणकाला चित्र काढण्याच्या आज्ञा देण्याची एक प्रसिद्ध पद्धत नेमकी हीच आहे. तीत एक काल्पनिक कासव पडद्यावर चालविले जाते, आणि त्याच्या मागे रेषा उमटत जाते. म्हणूनच 'कृष्णाचे पैंजण' या नावाचा कोलम पुढे संगणकीय चित्रणाच्या ग्रंथांत उदाहरण म्हणून जाऊन बसला. आज्ञावली हा शब्द घडण्यापूर्वीच, आईच्या हातून मुलीच्या हाती आज्ञावली चाललेली होती.

संगणकाने आकृतिसंयोगाचा प्रश्न आपल्या रीतीने सोडविला. १९८४ मध्ये मॅकिंटॉश यंत्र बाजारात आले, तेव्हा बिल ॲटकिन्सन यांनी त्यासाठी रचलेल्या चित्रणप्रणालीत कोणत्याही वेड्यावाकड्या क्षेत्रांचा हिशेब ठेवण्याची सोय होती. पडद्यावर एका चौकटीवर दुसरी चौकट आली की खालचीचा दिसणारा भाग कोणता, हे वजाबाकीनेच ठरते. १९९८ मध्ये जावा या संगणकभाषेच्या द्विमितीय चित्रणातही क्षेत्रांच्या चार क्रिया अंतर्भूत झाल्या. पहिली योग, म्हणजे दोहोंपैकी कशातही असलेले सारे, दुसरी छेद, म्हणजे दोहोंना समान असलेले तेवढेच, तिसरी वजाबाकी, आणि चौथी, दोहोंपैकी एकातच असलेले, परंतु समान भाग वगळलेले. जॉर्ज बूल यांनी एकोणिसाव्या शतकाच्या मध्याला मांडलेले तर्काचे बीजगणितच येथे आकृतींवर चालविलेले आहे.

यांपैकी पहिल्या तीन क्रियांत काहीतरी कायमचे हरपते. दोन वर्तुळांचा योग केला की आतल्या सीमारेषा नाहीशा होतात, आणि केवळ परिणामावरून मूळची वर्तुळे परत मिळविता येत नाहीत. चौथी क्रिया मात्र निराळी आहे. तीच दुसरी आकृती तिच्यात पुन्हा एकदा मिळविली की पहिली आकृती जशीच्या तशी हाती येते. आणि कोलमाचे गोत्र या चौथीशीच जुळते. यंत्र एखाद्या बंद रेषेच्या आतील भाग भरताना पुष्कळदा असा नियम पाळते की बाहेरून येताना रेषा विषम वेळा ओलांडली तर ते ठिकाण आत, सम वेळा ओलांडली तर बाहेर. हा नियम वळशांच्या कोलमाला लावला असता प्रत्येक ठिपका आत पडतो, आणि चार ठिपक्यांच्या मधली रिकामी घरे बाहेर राहतात. एकही ठिपका वेढ्याबाहेर राहू नये हा जो अंगणातला दंडक, तो यंत्राच्या भाषेतही तंतोतंत खरा ठरतो.

या इतिहासाची खरी अडचण येथेच उभी राहते. शिलालेखाला राजाचे नाव असते, हस्तलिखिताला लेखकाचे, निबंधाला संशोधकांचे. ज्या हातांनी हे नियम शोधले, पारखले आणि पिढ्यानुपिढ्या अचूक चालविले, त्यांची नावे मात्र कोठेही नाहीत. पुराव्याशिवाय इतिहास नाही, हे इतिहासकाराचे ब्रीद योग्यच आहे. परंतु ज्या विद्येचा पुरावा रोज सकाळी नव्याने सिद्ध करून दाखविला जातो, ती दगडावर नाही म्हणून अडाणी ठरविणे हे त्या ब्रीदाचे पालन नव्हे. एका वेढ्यात गुंफलेले पंचवीस ठिपके हे स्वतःच एक प्रमाण आहे. त्यात चूक झाली असती तर रेषा मिळाली नसती.

अलीकडे शहरांतील घरांना अंगणे उरली नाहीत. उंबऱ्यावर चिकटवायचे छापील कोलम बाजारात मिळतात, आणि छिद्रांच्या साच्यातून पीठ चाळले की निमिषात आकृती तयार होते. ती आकृती सुबक असते, टिकतेही अधिक. मात्र साचा ठिपक्यांवर पीठ पाडतो, रेषा फिरवीत नाही. कोणता ओलांडा घातल्याने दोनाचे एक होईल आणि कोणत्याने एकाचे दोन होतील, हे त्याला ठाऊक असण्याचे कारण नाही. कोलम टिकावा म्हणून तो छापला गेला, आणि जी विद्या रोज पुसली जात असूनही टिकली होती, तिचाच धागा त्या छापाने सुटण्याचा संभव निर्माण झाला. सरस्वतीमहालातील पोथ्यांना जपणूक लागते ती वाळवीपासून. कोलमाला जपणूक एकाच गोष्टीची लागते : उद्या पहाटे तो कोणीतरी स्वतःच्या हाताने, पहिल्या ठिपक्यापासून, पुन्हा मांडला पाहिजे.