कवटी न उघडता

मेंदू हा देहातील सर्वांत बंदिस्त अवयव. निसर्गाने त्याला हाडांच्या पेटीत ठेवले आणि मज्जारज्जू मणक्यांच्या नळीत ओवला. जिवंत माणसाच्या डोक्यात काय बिघडले आहे, हे पाहण्याची सोय वैद्याला शतकानुशतके नव्हतीच. मी इतिहासाचा शिक्षक, विज्ञानाचा नव्हे. पण ही पेटी न उघडता आत डोकावण्याची विद्या माणसाने कशी मिळवली, ही कथा मला एखाद्या बखरीइतकीच रोमहर्षक वाटते.

१८९५ साली राँटगेन यांना क्ष-किरण सापडले. हाडे दिसू लागली. मऊ मेंदू मात्र दिसेना. अमेरिकेतील शल्यविशारद वॉल्टर डँडी यांनी १९१८-१९ मध्ये एक युक्ती काढली. कमरेत सुई टोचून मेंदूभोवतीचा द्रव थोडा काढायचा, त्या जागी हवा सोडायची आणि मग क्ष-किरणांनी छायाचित्र घ्यायचे. असह्य डोकेदुखी आणि वांत्यांनी रोगी हैराण होई. तरीही सुमारे पन्नास वर्षे डॉक्टरांना याच वाटेने जावे लागले.

१९५६ मध्ये केपटाउनच्या एका रुग्णालयात अर्धवेळ काम करणारे पदार्थवैज्ञानिक अॅलन कॉर्मॅक यांना वेगळा प्रश्न पडला. अनेक कोनांतून किरण सोडले, प्रत्येक वेळी किती किरण शोषले गेले ते मोजले, तर गणिताने आतले चित्र मांडता येईल का? येईल, असे त्यांनी सिद्ध केले. १९६३ आणि १९६४ मध्ये त्यांचे निबंध छापून आले. पण वैद्यकविश्वाने दखल घेतली नाही. निबंधाच्या प्रती मागवणाऱ्यांत स्वित्झर्लंडमधील हिमकडे कोसळण्याचा अभ्यास करणारी एक संस्था होती!

हेच कोडे स्वतंत्रपणे सोडवले इंग्लंडच्या गॉडफ्रे हाउन्सफील्ड यांनी. शेतकऱ्याचा हा मुलगा. विद्यापीठाची पदवी नाही, फक्त अभियांत्रिकीची पदविका. नोकरी ईएमआय कंपनीत. ग्रामोफोनसमोर बसलेल्या कुत्र्याचे चित्र असलेल्या तबकड्या काढणारी हीच ती कंपनी. त्यांच्या पहिल्या प्रयोगात एका चित्रासाठी मोजमाप घेण्यातच नऊ दिवस गेले. पुढे १ ऑक्टोबर १९७१ रोजी लंडनच्या विम्बल्डन भागातील अॅटकिन्सन मॉर्ली रुग्णालयात, डॉ. जेम्स अँब्रोज यांच्या देखरेखीखाली, मेंदूत गाठ असल्याचा संशय असलेल्या एका स्त्रीची तपासणी झाली. ऐंशी गुणिले ऐंशी चौकटींचे ते ओबडधोबड चित्र. पण त्यात गाठ स्पष्ट दिसली. सुई नाही, हवा नाही, वेदना नाही. हाच सीटी स्कॅन. १९७९ चे नोबेल पारितोषिक कॉर्मॅक आणि हाउन्सफील्ड यांना विभागून मिळाले. दोघांपैकी कोणीही डॉक्टरेट मिळवलेली नव्हती.

सीटीलाही मर्यादा होती. मज्जारज्जू, मणक्यांमधील चकत्या असे मऊ भाग त्यात नीट उमटत नसत. तिथे चुंबक कामास आला. देहातील पाण्यात हायड्रोजन असतो. प्रबळ चुंबकक्षेत्रात त्याचे अणुकेंद्रक रेडिओलहरींना प्रतिसाद देते, हे तत्त्व १९४६ पासून ठाऊक होते. अर्बुदाच्या पेशींचा प्रतिसाद निराळा असतो, असे रेमंड डामाडियन यांनी १९७१ मध्ये दाखवले. चुंबकक्षेत्र जागोजागी थोडे बदलत नेले तर प्रतिसाद नेमका कुठून आला ते कळेल, ही कल्पना पॉल लॉटरबर यांची. 'नेचर' नियतकालिकाने त्यांचा निबंध आधी परत पाठवला होता. १९७३ मध्ये तो छापला. २००३ चे नोबेल लॉटरबर आणि पीटर मॅन्सफील्ड यांना मिळाले, तेव्हा वगळल्या गेलेल्या डामाडियन यांनी वृत्तपत्रांत पानभर जाहिराती देऊन निषेध केला. २०२२ मध्ये ते निवर्तले. वाद मात्र मिटला नाही.

मला सर्वांत जवळचे वाटतात ते मॅन्सफील्ड. पंधराव्या वर्षी शाळा सुटली. 'विज्ञान तुझ्यासाठी नाही' अशा अर्थाचा सल्ला शाळेतल्या मार्गदर्शकाने दिला आणि मुलगा छापखान्यात उमेदवारी करू लागला. पुढे तोच नॉटिंगहॅमला प्राध्यापक झाला आणि धोक्याचा इशारा असतानाही १९७८ मध्ये स्वतःच त्या यंत्रात झोपला.

वाचकहो, दर जूनमध्ये माझ्या टेबलावर गुणपत्रिकांचा ढीग असतो. कोणाला विज्ञान शाखा 'झेपणार नाही' हे पालकांना सांगण्याचे काम माझ्याकडे येते. ते सांगावेही लागते. सगळेच मॅन्सफील्ड नसतात. पण मेंदूचे चित्र काढणारे यंत्र त्यात रक्त कुठे साकळले ते दाखवते, गाठ कुठे आहे ते दाखवते; त्या मेंदूत उद्या काय उगवेल, ते नाही. मग गुणपत्रिकेने ते दाखवावे, ही अपेक्षा आपण कोणत्या आधारावर करतो?