राईनपाडा : बघे आणि साक्षीदार

2024 साली मानवत खून प्रकरणावरची वेब सिरीज आली, त्या दिवसांत इतिहासाच्या तासाला एका विद्यार्थ्याने मला विचारले, "सर, आपल्या राईनपाड्यावर सिरीज कधी येणार?"

परभणी जिल्ह्यातील मानवतला 1972 ते 1974 या काळात बायकांचे आणि लहान मुलींचे खून झाले. तपास अधिकारी रमाकांत कुलकर्णी यांच्या आठवणींवर ती मालिका आधारलेली. 1968 साली मुंबईत रामन राघव प्रकरणाचा तपासही त्यांचाच. रामन राघवने मारले ते फुटपाथवर आणि झोपड्यांत झोपणारे लोक. त्याचे नाव 2016 साली सिनेमाच्या पाटीवर झळकले. मी वर्गाला विचारले, "मानवतच्या मेलेल्या मुलींपैकी एकीचे तरी नाव सांगा." आरोपी, अधिकारी, नट-नट्या सगळ्यांची नावे पोरांना पाठ होती. त्या मुलींचे एकही नाव कुणाला आले नाही. खरे सांगायचे तर मलाही आले नाही.

राईनपाडा तर आमच्या धुळे जिल्ह्यातले. साक्री तालुक्याच्या आदिवासी पट्ट्यातले गाव. 1 जुलै 2018, रविवार, आठवडे बाजाराचा दिवस. मुले पळवणारी टोळी फिरते आहे, ही अफवा मोबाईलवरून आधीच घरोघर पोचली होती. मंगळवेढ्याकडून आलेल्या नाथपंथी डवरी गोसावी समाजाच्या पाच माणसांना जमावाने पकडले, ग्रामपंचायतीच्या खोलीत कोंडले आणि ठार मारले. पिढ्यान्‌पिढ्या गावोगाव भिक्षा मागणारी ही माणसे. मारणारे मारत होते तेव्हा कुणीतरी चित्रण करत होते. ते चित्रण महाराष्ट्रभर फिरले.

त्याच्या तीनच आठवडे आधी, जळगाव जिल्ह्यात जामनेर तालुक्यातील वाकडी येथे विहिरीत पोहल्याबद्दल मातंग समाजाच्या मुलांना नागवे करून पट्ट्याने मारले होते. तेथेही चित्रण होते. एकाच उन्हाळ्याच्या शेवटी खानदेशाने हे दोन खेळ पाहिले. हो, खेळच. राईनपाड्याचे चित्रण माझ्याही मोबाईलवर आले. मी ते शेवटपर्यंत पाहिले, 'निषेध' असे लिहिले आणि पुढे पाठवले. माझ्या निषेधाने त्या पाच जणांना आणखी एकदा मारले, हे मला तेव्हा कळले नाही.

कळायला हवे होते. माझ्या घराण्यात कॉलेजची पायरी चढलेला मी पहिला. माझ्या आजोबांना चोरीचा आळ घेऊन चावडीपुढे झोडपले होते. खरा चोर कोण, हे गावाला ठाऊक होते. तरी पुढे कित्येक वर्षे पारावर त्या माराची नक्कल होई आणि माणसे पोट धरून हसत. आजोबा ओरडले कसे, हे गावाच्या लक्षात राहिले. आजोबांचे नाव राहिले नाही.

अमेरिकेत काळ्या माणसांना झाडाला टांगून मारत, त्याचे फोटो काढत आणि पोस्टकार्डे करून विकत. 1908 साली अशी कार्डे टपालाने पाठवण्यावर तिथल्या सरकारला बंदी घालावी लागली. पण त्याआधीच, 1895 साली, आयडा बी. वेल्स या काळ्या पत्रकार बाईने दुसरे काम केले होते. कोणाला मारले, कुठे मारले, कोणता आरोप ठेवून मारले, याच्या याद्या तिने छापल्या. मरण तेच. कार्ड विकत घेणारा बघ्या होता, वेल्स साक्षीदार होती.

काही मित्र म्हणतात, असे काही पाहूच नये. मला हे पटत नाही. वाकडीचा अत्याचार जगापुढे आला तो चित्रणामुळेच. डोळे मिटले तर प्रस्थापितांचे फावते. साक्षीदार जे पाहतो त्याची जबाबदारी घेतो. बघ्या पाहतो आणि दुसरे काही पाहायला निघून जातो. फरक एवढाच आहे, पण तो फार मोठा आहे.

आणि साक्षीदाराने सोयीचे तेवढेच सांगून भागत नाही. राईनपाड्यात कुणी सरंजामदार लाठी घेऊन आला नव्हता. व्यवस्थेने ज्यांना रानात ढकलले, त्यांच्या मुलखात व्यवस्थेने ज्यांना रस्त्यावर ठेवले, ते मारले गेले. फिरस्त्याकडे चोर म्हणून पाहण्यावर इंग्रजांनी 1871 च्या गुन्हेगार जमाती कायद्याने सरकारी शिक्का मारला. कायदा 1952 साली गेला. संशय गेला नाही. त्याला फक्त मोबाईल मिळाला. खुनाच्या मालिकेला एक राक्षस लागतो. हा इतिहास तिच्यात मावत नाही.

त्या विद्यार्थ्याला मी म्हणालो, "सिरीज येईल तेव्हा येवो, आधी आपण काम करू." मुलांनी जुनी वर्तमानपत्रे काढली आणि पाचही नावे फळ्यावर लिहिली. ती मी येथे छापत नाही. त्यांच्या घरच्यांना विचारल्याशिवाय ती छापण्याचा अधिकार मला नाही. पण वर्गात त्या नावांपुढे आम्ही प्रश्न लिहिले : हा माणूस कुठला? पोटासाठी इतक्या लांब का आला? त्याच्यामागे कोण आहे? मारेकऱ्यांविषयी त्या तासाला कुणी काही विचारले नाही.

तास संपल्यावर फळा पुसायला कुणी उठले नाही.