दिंडीचा उतारा आणि बांधाशेजारचा तुकडा

आपल्या दिंडीला शंभर वर्षे पुरी झाली. या अंकात विणेकऱ्यांची, चोपदारांची, पंगती देणाऱ्या घरांची माहिती इतर मंडळींनी लिहिली आहे. आमच्या वाट्याला जागांचा इतिहास आला. आमचे शिक्षण चौथीपर्यंत. पण शेतकऱ्याला सातबारा वाचावाच लागतो, आणि कीर्तनाच्या निमित्ताने बारामती-इंदापूरची गावे आमच्या पायाखालची आहेत. त्या भरवशावर लिहितो.

दिंडी चालते रस्त्यावर, पण टिकते उताऱ्यावर. तुकोबारायांची पालखी बारामती सोडते, काटेवाडीला मेंढ्यांचे रिंगण होते, मग सणसर, बेलवाडीचे गोल रिंगण, निमगाव केतकी, इंदापूर आणि सराटीचे निरास्नान. पालखीचा तळ मोठा, त्याची व्यवस्था सरकार आणि गाव बघते. एकेका दिंडीला मात्र लागते दोन-तीन गुंठ्यांची जागा. राहुट्या ठोकायला, चूल मांडायला, जवळ पाणी, आणि शेजारच्या घरी बायाबापड्यांना आडोसा. असली जागा बहुतेक घरांच्या मधे सुटलेली कुणाच्या तरी रानाची पट्टी असते. ती विकली, तारेचे कुंपण पडले, की दिंडी उठली. म्हणून कोपऱ्यातला तुकडा कोण कुणाला विकतो, हा विषय दिंडीच्या इतिहासातला आहे.

आता गुंठा कुठून आला ते बघा. इंग्रजांनी मुंबई इलाख्यात जी नवी जमीन मोजणी केली, तिची सुरुवात आपल्या इंदापूर तालुक्यातच झाली. साल १८३५-३६. त्याआधी प्रिंगल साहेबाने बसवलेला सारा इतका जड होता की लोक रान टाकून निघून गेले होते. मग गोल्डस्मिड आणि विंगेट या दोन साहेबांनी इंदापुरात फेरमोजणी केली आणि ३० वर्षांसाठी सारा हलका करून ठरवून दिला. मोजणीची साखळी ३३ फुटांची. ३३ फूट लांब, ३३ फूट रुंद म्हणजे एक गुंठा, १०८९ चौरस फूट. असे ४० गुंठे म्हणजे एक एकर. बैलजोडीला झेपेल एवढे रान धरून सर्व्हे नंबर पाडले आणि हद्दीला दगड रोवले. देशावर आज जो तो गुंठ्यात बोलतो, त्याची साखळी पहिल्यांदा आपल्या शिवारात ओढली गेली.

मोजणीने रान मालकाच्या नावावर पक्के झाले. पण नावावर झालेले रान गहाणही पडते. अमेरिकेत लढाई होती, १८६१ ते १८६५, तेव्हा इकडच्या कापसाला सोन्याचा भाव आला आणि सावकारांनी हात सैल सोडला. लढाई संपली, भाव पडला, नव्या मोजणीत सारा वाढला, आणि कर्ज तेवढे राहिले. १२ मे १८७५, बाजारचा दिवस. आपल्या बारामती तालुक्यातल्या सुप्याला शेतकऱ्यांनी सावकारांच्या वह्या आणि खते ताब्यात घेतली. तिथून दंगा नगर जिल्ह्यापर्यंत पसरला. पुढे १८७९ साली सरकारला शेतकऱ्यांसाठी कायदा करावा लागला. लोकांचा राग होता तो कागदावर. वारकऱ्याला ही गोष्ट नवी नाही. तुकोबारायांनी आपल्या वाटणीची खते इंद्रायणीत सोडली, भावाच्या वाटणीची भावाला ठेवली, असे चरित्रात सांगतात. कीर्तनात आम्ही त्यावर एवढेच म्हणतो, की सोडायचे ते स्वतःच्या वाटणीचे सोडावे. दुसऱ्याच्या वाटणीचे सोडून पुण्य मिळत नाही. ही गोष्ट ध्यानात ठेवा, पुढे कामाला येणार आहे.

मग निरा डावा कालवा आला, १८८५ साली पाणी सुटले. जिराईत रान बागायत झाले, ऊस आला, आणि भावाभावात गुंठ्या-गुंठ्यावरून बांध पडू लागले. बाप मेला की चार लेकरांत चार पट्ट्या. इतकी बारीक पट्टी की औत वळत नाही. हे थांबवायला १९४७ साली तुकडेबंदीचा कायदा झाला. ठरलेल्या क्षेत्रापेक्षा लहान तुकडा विकायचा असेल तर लगतच्या जमिनीच्या मालकालाच विकायचा, परक्याला नाही. म्हणजे शेजाऱ्याचा पहिला हक्क नुसता रीतीचा राहिला नाही, कायद्याचा झाला. ऑगस्ट २०२३ पासून आपल्या जिल्ह्यात ही मर्यादा जिराईताला २० गुंठे आणि बागायताला १० गुंठे अशी आहे.

कायदा चांगल्यासाठी झाला, पण त्याची दुसरी बाजू शेतकऱ्याने भोगली. गिऱ्हाईक एकच असले की भाव तोच ठरवतो. शेजारी म्हणतो, "मला काय घाई हाय? तू तरी कुणाला इकणार?" मग अडलेला माणूस परक्याला साध्या नोटरीवर लिहून देतो. पैसे मिळतात, पण सातबाऱ्यावर घेणाऱ्याचे नाव लागत नाही, आणि दोन्ही घरांची पुढची पिढी कोर्टाच्या पायऱ्या चढते.

त्यात पालखी महामार्ग आला. ८ नोव्हेंबर २०२१ ला पंढरपूरच्या कार्यक्रमात पंतप्रधानांच्या हस्ते भूमिपूजन झाले. पाटसपासून बारामती, इंदापूर करीत तोंडले-बोंडल्यापर्यंत सुमारे १३० किलोमीटर. रुंद रस्ता झाला, कडेने पायी चालायला वाट झाली, वारकऱ्याची सोय झाली. पण रस्त्याने रान कापले की कडेला सुरीने कापल्यासारखी पट्टी उरते. कुठे दोन गुंठे, कुठे तीन. पिकाला उपयोग नाही, भाव मात्र रस्त्याचा.

आपल्या उताऱ्याची एक जागा अशीच उरली. गावाचे आणि माणसांचे नाव लिहीत नाही. आपल्या दिंडीतल्या एका जुन्या माळकऱ्याचे ते रान, सगळे त्यांना आबा म्हणतात. रस्त्यात गेल्यावर अडीच गुंठे उरले, म्हणजे २७२२ चौरस फूट. मागे तीन घरे, तिन्हींची दारे त्याच पट्टीवर उघडतात. आबांच्या नातवाचे मोठे दुखणे निघाले आणि पैसा लागला. शहरातला एक जण हॉटेल टाकायला जागा मागू लागला, रोख आणि नोटरीवर. तिन्ही घरे मिळूनही त्याच्या भावाला पुरी पडत नव्हती. एकाला ट्रॅक्टर लावायला जागा हवी, एकाला सांडपाणी काढायचे, एकाला नुसती वाट हवी. एकाला विकावी तर दोन घरांशी वैर.

मंडळी देवळात बसली. आम्हीही होतो. जो तो आबांना सांगू लागला, "आबा, शेजाऱ्यांनाच द्या, दिंडीचा उतारा राहील, पुण्य लागेल." तेव्हा आबांचा मुलगा बोलला, "म्हाराज, पुण्य दिंडीला आन औषधाचं बिल आमाला, आसं कसं?" देवळात कुणी बोलेना. खरे तेच होते. आपण आबांच्या वाटणीचे खत इंद्रायणीत सोडायला निघालो होतो.

मग हिशेब नव्याने मांडला. शेजाऱ्यांचा भाव आणि बाहेरचा भाव यात जो फरक, त्याचे तीन भाग केले. एक भाग शेजाऱ्यांनी वाढवून दिला. एक भाग दिंडीने वर्गणी करून भरला, कारण उतारा दिंडीला हवा होता. राहिलेला एक भाग आबांनी आपल्या खुशीने सोडला.

कागद करायला पाच महिने लागले. तिघांपैकी एकाचे नाव सातबाऱ्यावर नव्हते. वडील वारल्यावर वारसनोंदच केली नव्हती. शेजारी म्हणून तो देवाला दिसतो, पण कायद्याला सातबाऱ्यावरचा शेजारी दिसतो. आधी ती नोंद केली. मग मोजणी आणून खुणा रोवल्या. मार्च २०२४ च्या नियमाने विहीर, शेतरस्ता, घरकुल आणि भूसंपादनानंतर उरलेले क्षेत्र, एवढ्यासाठी लहान तुकडा विकायला जिल्हाधिकाऱ्यांची परवानगी मिळते. ती काढली. चतुःसीमा नीट लिहून तिघांच्या नावे एकच खरेदीखत झाले, जागा न वाटता सामाईक अंगण म्हणून. त्यातच लिहिले, की रस्त्याच्या बाजूला भिंत घालायची नाही आणि वारीतला एक मुक्काम दिंडीला द्यायचा. शेतरस्त्याच्या तुकड्यावर शेजारच्या खातेदारांना वापरायला खुला, असा शेरा सातबाऱ्यावर घेतात. त्यावरूनच ही कल्पना निघाली.

नातवाचे औषधपाणी वेळेवर झाले. शेजारची घरे एकमेकांकडे जाऊन-येऊन आहेत. दिंडी दर साली तिथेच उतरते आणि आबांचा मुलगा पाण्याचा टँकर आणून उभा करतो.

रस्त्याकडेला ज्यांची अशी पट्टी उरली आहे, त्यांना आमची विनंती. विकायची तर आधी लगतच्या सगळ्या घरांना एकत्र बसवा, एकाला गुपचूप देऊ नका. नोटरीवर भुलू नका. हा कायदा अलीकडे वरचेवर बदलतो, म्हणून तलाठी आणि दुय्यम निबंधकाकडे विचारूनच इसार घ्या. घेणाऱ्यांनी विकणाऱ्याची नड बघून भाव पाडू नये. आणि पुढच्या शंभर वर्षांतल्या दिंडीकऱ्यांनी एवढे करावे, की उतारा फुकट मागू नये. ज्याची जागा आहे त्याच्या घरात काय चालले आहे, ते आधी विचारावे. मग आपल्या वाटणीचे आपण भरावे.

पांडुरंग सर्वांना वारी घडवो. रामकृष्ण हरी.